कॉलमचं नाव रँक, ऑर्डर की ग्रुप? राखीव शब्दांचे एरर ओळखणं आणि मुळापासून काढणं

शाळेच्या निकालाचं एक साधं टेबल घेऊ. नाव ‘निकाल’, कॉलम चार: नाव, तुकडी, गुण आणि रँक. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ आवृत्तीवर ते वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं. सर्व्हर ८.० होतो आणि त्याच टेबलवरची ही क्वेरी पडते:

सिलेक्ट नाव, रँक फ्रॉम निकाल ऑर्डर बाय रँक;

एरर १०६४, सिंटॅक्समध्ये चूक. डेटा जागेवर असतो, टेबल जागेवर असतं आणि क्वेरीतलं एक अक्षरही बदललेलं नसतं. बदललेली असते ती राखीव शब्दांची यादी. ८.० मध्ये विंडो फंक्शन (ओळींच्या गटावर हिशेब करणारी फंक्शन) आली, त्यांत रँक हे एक फंक्शन आहे, म्हणून ८.०.२ पासून हा शब्द डेटाबेसने स्वतःसाठी राखून ठेवला.

या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगने टाइप कराव्यात. रँक, ऑर्डर, की, युजर, डेस्क (डिस्क्रिप्शनचं आखूड रूप) हे सगळे शब्द इथे त्यांच्या इंग्रजी स्पेलिंगचेच समजावेत.

एरर नेमका कुठे बोट दाखवतो

डेटाबेस क्वेरी डावीकडून उजवीकडे शब्दाशब्दाने वाचतो. राखीव शब्द दिसला की पुढे काय यायला हवं हे त्याच्या व्याकरणात ठरलेलं असतं. रँक दिसल्यावर मायएसक्यूएल ८ ला पुढे कंस हवा असतो, कारण त्याच्या मते हे फंक्शन आहे. कंसाऐवजी फ्रॉम आला की तो थांबतो. त्यामुळे ‘याच्या जवळ चूक आहे’ म्हणून मेसेजमध्ये जो तुकडा येतो, तो फ्रॉमपासून सुरू होतो. रँकचं त्यात नावही नसतं आणि आपण फ्रॉमच्या आसपास स्वल्पविराम शोधत बसतो.

टेबल बनवतानाही हेच होतं. सेटिंगच्या टेबलात ‘की व्हारकॅर(२०)’ असा कॉलम लिहिला, तर मायएसक्यूएल त्या ‘की’कडे इंडेक्सच्या व्याख्येची सुरुवात म्हणून बघतो आणि चूक व्हारकॅरवर दाखवतो. डेस्कचं मात्र वेगळं आहे. सिलेक्टच्या यादीत तो शब्द कुठल्याच व्याकरणात बसत नाही, म्हणून बोट थेट त्याच्यावरच येतं. तेव्हा पहिला नियम हा: मेसेजमध्ये दिसणारा शब्द आणि त्याच्या लगेच आधीचा शब्द, दोन्ही तपासा.

प्रत्येक डेटाबेसची भाषा वेगळी असते. पोस्टग्रेस ‘सिंटॅक्स एरर ॲट ऑर निअर’ म्हणून शब्द अवतरणात देतो, त्याचा कोड ४२६०१. एसक्यूएल सर्व्हर सगळ्यांत स्पष्ट बोलतो: मेसेज १५६, ‘कीवर्डजवळ चूक’ असं म्हणून शब्दही सांगतो. ओरॅकल सर्वांत जास्त चकवतो. डेट नावाचा कॉलम देऊन टेबल बनवायला गेलं की जुन्या आवृत्त्यांत ओआरए-००९०४, अवैध आयडेंटिफायर, एवढंच उत्तर येतं. नवशिक्याला वाटतं कॉलमचं स्पेलिंग चुकलं.

राखीव शब्दच आहे का, याची खात्री

१०६४ हा एरर सुटलेल्या स्वल्पविरामालाही येतो, म्हणून अंदाजावर जाऊ नका. खात्री करायला अर्धा मिनिट पुरतो.

मायएसक्यूएलमध्ये ‘सिलेक्ट १ ॲज रँक;’ चालवा. टेबल लागत नाही, डेटा लागत नाही. एरर आला तर शब्द राखीव आहे. ८.०.१३ पासून इन्फर्मेशन स्कीमात कीवर्ड्स नावाचं टेबलही आहे. त्यात वर्ड आणि रिझर्व्हड असे दोन कॉलम आहेत, दुसऱ्यात १ असेल तो शब्द राखीव.

पोस्टग्रेसमध्ये ॲजवाली चाचणी उपयोगाची नाही, कारण ॲजच्या पुढे तो कुठलाही शब्द स्वीकारतो. तिथे ‘सिलेक्ट कोट_आयडेंट('युजर');’ विचारा. उत्तर दुहेरी अवतरणासकट आलं तर तो शब्द नाव म्हणून उघडा वापरू नये. सगळी यादी हवी असेल तर पीजी_गेट_कीवर्ड्स() हे फंक्शन आहे. कॅटकोड कॉलममध्ये आर हे अक्षर असलेले शब्द पूर्ण राखीव. ओरॅकलमध्ये व्ही$रिझर्व्हड_वर्ड्स हा व्ह्यू बघायचा.

एका डेटाबेसची यादी दुसऱ्याला लागू होत नाही, हे लक्षात ठेवलंच पाहिजे. डेट हे नाव मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये चालतं, ओरॅकलमध्ये नाही. युजर मायएसक्यूएलमध्ये चालतं. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये नाही. ‘की’ पोस्टग्रेसमध्ये चालतं, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये नाही. ऑफसेट याच्या उलट: मायएसक्यूएलला चालतं, पोस्टग्रेसला नाही. ऑर्डर, ग्रुप, डेस्क, फ्रॉम आणि टू हे पाच मात्र या चारही ठिकाणी अडतात. सुट्टीच्या अर्जाच्या टेबलात फ्रॉम आणि टू हमखास सापडतात.

आणखी एक गोष्ट तपास भरकटवते. टिंबानंतर येणारा शब्द मायएसक्यूएल नाव म्हणूनच वाचतो. म्हणजे ‘सिलेक्ट एन.रँक फ्रॉम निकाल एन’ ही क्वेरी अवतरणाशिवाय चालते आणि ‘सिलेक्ट रँक फ्रॉम निकाल’ पडते. एकाच ॲप्लिकेशनमध्ये जॉइनवाले रिपोर्ट (त्यांत नावं टिंबासह लिहिलेली असतात) नीट येतात, साधी यादी येत नाही. मग लोक सर्व्हरवर, कॅशवर, परवानग्यांवर संशय घेतात. तिकडे जायची गरज नसते.

तात्पुरती मलमपट्टी: अवतरण

शब्दाला योग्य खुणांत घातलं की डेटाबेस त्याला नाव मानतो.

- मायएसक्यूएल आणि मारियाडीबी: बॅकटिक, म्हणजे `रँक`
- पोस्टग्रेस आणि ओरॅकल: दुहेरी अवतरण, "युजर"
- एसक्यूएल सर्व्हर: चौकोनी कंस, [ऑर्डर]
- एसक्यूलाइट: यांतलं काहीही घेतो, पण दुहेरी अवतरण ठेवावं

बॅकटिकची खूण कीबोर्डवर एकच्या डावीकडे, टिल्डबरोबर असते. एकेरी अवतरण ते नव्हे, आणि ही गल्लत फार महागात पडते, कारण तिथे एरर येतच नाही. मायएसक्यूएलमध्ये ‘ऑर्डर बाय 'रँक'’ लिहिलं की तो एका ठरावीक मजकुरावर क्रम लावतो, म्हणजे क्रम लागतच नाही. ‘व्हेअर 'रँक' <= ३’ लिहिलं तर मजकुराचा आकडा करताना तो शून्य धरला जातो, शून्य तीनपेक्षा लहान असतं, आणि पहिल्या तिघांऐवजी अख्खी शाळा यादीत येते. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये दुहेरी अवतरणाचंही हेच होतं. एएनएसआय_कोट्स मोड चालू केल्याशिवाय ते मजकुराचं चिन्ह असतं. एसक्यूलाइटमध्ये दुहेरी अवतरणातलं नाव कुठल्याच कॉलमशी जुळलं नाही, तर तो त्याला गुपचूप मजकूर समजतो. स्पेलिंग चुकलं तरी क्वेरी ‘चालते’.

लिनक्सच्या टर्मिनलवरून क्वेरी देताना आणखी एक खड्डा आहे. पूर्ण क्वेरी दुहेरी अवतरणात आणि आत बॅकटिक असेल, तर शेल त्या बॅकटिकमधला शब्द कमांड म्हणून चालवायला जातो. डेटाबेसपर्यंत ते नाव पोचतच नाही. क्वेरी एकेरी अवतरणात द्या किंवा फाइलमध्ये लिहून ती फाइल चालवा.

पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये अवतरणाचा एक परिणाम कायमचा मागे लागतो. उघड्या नावाचं पोस्टग्रेस सगळं स्मॉल करतो, ओरॅकल सगळं कॅपिटल करतो. अवतरणातलं नाव दोघंही जसंच्या तसं ठेवतात. ओरॅकलमध्ये कोणी स्मॉल अक्षरांत "डेट" असा कॉलम बनवला, तर पुढे कॅपिटलमध्ये अवतरणात लिहूनही तो सापडत नाही. एका माणसाने केलेलं अवतरण पुढच्या प्रत्येकाला, प्रत्येक रिपोर्टमध्ये, अक्षराच्या आकारासकट पाळावं लागतं. म्हणून मलमपट्टी म्हणतो. क्वेरी आज पडली आहे, बिलं अडली आहेत, तर अवतरण घाला आणि काम सुरू करा. पण नाव बदलायचं काम यादीत टाका.

एरर न देता चुकणारे शब्द

युजर या शब्दाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण माझ्या मते राखीव शब्दांतला सर्वांत घातक हाच. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर या तिन्हींत उघडा युजर म्हणजे ‘डेटाबेस सध्या तुम्हाला कोणत्या नावाने ओळखतो’ हे सांगणारं फंक्शन. नोंदी नावाच्या टेबलात अवतरण घालून "युजर" कॉलम बनवला आणि नंतर कोणी लिहिलं:

सिलेक्ट युजर, रक्कम फ्रॉम नोंदी;

क्वेरी चालते. प्रत्येक ओळीत एकच नाव येतं, तुमचं डेटाबेसमधलं. ‘सिलेक्ट * फ्रॉम युजर’ लिहिलं तर पोस्टग्रेस तेही चालवतो आणि एकच ओळ देतो. हजारो सदस्यांचं टेबल एका ओळीवर आलेलं बघून डेटा उडाला असं वाटतं. तो उडालेला नसतो, क्वेरीने टेबलला हातच लावलेला नसतो.

आता डिलीटचं बघा. ‘डिलीट फ्रॉम नोंदी व्हेअर युजर = 'ॲप'’ ही कमांड ॲप याच लॉगिनने चालवली, तर अट प्रत्येक ओळीला खरी ठरते आणि टेबल रिकामं होतं. इथे एरर आला असता तर बरं झालं असतं. पोस्टग्रेसवर असा कॉलम तुमच्याकडे असेल तर बाकी काही करण्याआधी त्याचं नाव बदला, आणि तोवर डिलीट वा अपडेट करताना बिगिन लिहून किती ओळींवर परिणाम झाला ते बघितल्याशिवाय कमिट करू नका.

मायएसक्यूएल ५.७ वरून ८ वर जाताना

५.७ ची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तरी त्यावर चालणारी सॉफ्टवेअर अजून पुष्कळ आहेत. ८.० मध्ये नव्याने राखीव झालेल्या शब्दांपैकी कॉलम आणि टेबलांच्या नावांत नेहमी सापडणारे हे: रँक, ग्रुप्स, सिस्टम, रोज (ओळी या अर्थी), फंक्शन, विंडो, लीड, ऑफ, एम्प्टी. ग्रुप्स हे तर टेबलाचं अगदी आवडतं नाव, आणि विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये लीड असतोच. ८.४ मध्ये मॅन्युअल, पॅरलल, क्वालिफाय आणि टेबलसॅम्पल यांची भर पडली.

अपग्रेड फसवं वाटतं ते यामुळे: मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत फाइलमध्ये काढणारं साधन) सगळी नावं आपणहून बॅकटिकमध्ये लिहितो, त्यामुळे टेबलांचा जुना डंप नव्या सर्व्हरवर तक्रार न करता चढतो. व्ह्यूची व्याख्याही बॅकटिकसह साठवलेली असते, तोही चालतो. पडतात त्या ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये हाताने लिहिलेल्या क्वेरी, तेही कोणी तो रिपोर्ट उघडेल तेव्हा. डंप चढला म्हणजे काम झालं असं धरू नका.

करायचं असं:

१. मायएसक्यूएल शेलमधून जुन्या सर्व्हरवर युटिल.चेकफॉरसर्व्हरअपग्रेड() चालवा. नव्या राखीव शब्दांशी टक्कर होणारी नावं तो यादी करून देतो.

२. हाताने तपासायचं असेल तर ५.७ मध्ये कीवर्ड्स टेबल नाही. एका चाचणीच्या मशीनवर ८.० चा सर्व्हर उभा करा, त्यावर डंप चढवा आणि ही क्वेरी चालवा:

सिलेक्ट सी.टेबल_नेम, सी.कॉलम_नेम
फ्रॉम इन्फर्मेशन_स्कीमा.कॉलम्स सी
जॉइन इन्फर्मेशन_स्कीमा.कीवर्ड्स के
ऑन के.वर्ड = अपर(सी.कॉलम_नेम)
व्हेअर के.रिझर्व्हड = १ अँड सी.टेबल_स्कीमा = 'शाळा';

टेबलांच्या नावांसाठी कॉलम्सच्या जागी टेबल्स आणि कॉलम_नेमच्या जागी टेबल_नेम घेऊन तीच पुन्हा चालवा.

३. सापडलेला प्रत्येक शब्द सोर्स कोडमध्ये ग्रेपने (फाइलींतला मजकूर शोधणारी कमांड) शोधा. फक्त कॉलम शोधून भागत नाही, ॲजनंतरची नावंही शोधा. ५.७ मध्ये रँक फंक्शन नव्हतं, म्हणून व्हेरिएबल एकेकाने वाढवून शेवटी ‘ॲज रँक’ लिहायची पद्धत सगळीकडे होती. टेबलात रँक नावाचा कॉलम नसला तरी ती क्वेरी पडते.

४. प्रोसिजर, फंक्शन, ट्रिगर आणि इव्हेंट (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड) प्रत्येकी एकदा चाचणीच्या सर्व्हरवर प्रत्यक्ष चालवून बघा. महिन्याअखेरीला चालणारा इव्हेंट विसरला जातो आणि नेमका पगाराच्या दिवशी आठवतो.

नाव बदलणं

लहान टेबल आणि रात्री बंद राहणारं सॉफ्टवेअर असेल तर सरळ बदला. मायएसक्यूएल ८, पोस्टग्रेस आणि ओरॅकल या तिन्हींत कमांड एकच:

ऑल्टर टेबल निकाल रिनेम कॉलम `रँक` टू गुणानुक्रम;

बॅकटिकच्या जागी आपल्या डेटाबेसची खूण. एसक्यूलाइटला ही सोय ३.२५ पासून आहे.

मायएसक्यूएल ५.७ मध्ये रिनेम कॉलम नाही, चेंज वापरावं लागतं आणि त्यात कॉलमची पूर्ण व्याख्या पुन्हा लिहावी लागते: प्रकार, अनसाइन्ड, नॉट नल, डिफॉल्ट, कॉमेंट, सगळं. जे लिहायचं राहील ते गळून जातं. आधी शो क्रिएट टेबल चालवा, त्यातली ओळ कॉपी करा आणि फक्त नाव बदला. स्मरणावर विसंबून लिहू नका.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये एसपी_रिनेमला तीन गोष्टी द्यायच्या: जुनं पूर्ण नाव, नवं नाव आणि 'कॉलम'. नव्या नावाला सवयीने चौकोनी कंस घातला तर तो कंस नावाचाच भाग होतो आणि मग तो काढायला आणखी एक रिनेम करावं लागतं.

पोस्टग्रेसमध्ये रिनेम क्षणात होतं, पण त्या क्षणापुरतं टेबलला पूर्ण कुलूप लागतं. एखादी लांबलेली क्वेरी आधीपासून चालू असेल तर रिनेम तिच्यामागे थांबतं आणि त्याच्यामागे बाकी सगळे. म्हणून आधी ‘सेट लॉक_टाइमआउट = '३s'’ (शेवटचं अक्षर सेकंदांचं) द्या. तीन सेकंदांत कुलूप मिळालं नाही तर कमांड मागे हटते, मग पुन्हा करून बघायचं. व्ह्यू नवं नाव आपोआप धरतात, फंक्शनच्या आतला मजकूर धरत नाही. मायएसक्यूएलमध्ये व्ह्यूही धरत नाहीत, एरर १३५६ देऊन पडतात. ते नव्याने बनवावे लागतात.

बंद ठेवताच येत नाही असं सॉफ्टवेअर असेल तर रिनेमच्या वाटेला जाऊ नका. नवा कॉलम घाला. कोड असा बदला की लिहिताना दोन्ही कॉलममध्ये लिहील. जुन्या ओळी पाच-पाच हजारांच्या टप्प्यांनी नव्या कॉलममध्ये भरा. एकदम अपडेट केलं तर लाखो ओळी अडकून राहतात. दोन्ही कॉलम जुळतात का ते मोजून बघा. मग वाचन नव्याकडे वळवा, काही दिवस लॉगवर लक्ष ठेवा आणि सगळ्यांत शेवटी जुना कॉलम काढा. वेळ जातो, पण प्रत्येक पायरीवरून मागे येता येतं.

ओआरएम वापरत असाल तर

ओआरएम म्हणजे कोडमधल्या क्लासवरून क्वेरी आपोआप बनवणारी लायब्ररी. पायथनमधला जँगो प्रत्येक नावाला आपणहून अवतरण घालतो. एसक्यूएलअल्केमीला राखीव शब्दांची यादी माहीत असते, तो गरजेपुरतं घालतो. म्हणून ऑर्डर नावाचं फील्ड बनतं, चालतं, आणि कोणीतरी पहिली हाताने लिहिलेली क्वेरी चालवेपर्यंत कुणाला कळत नाही. एक्सेलची फाइल पांडाज या पायथनच्या लायब्ररीतून टेबलात टाकली की डेस्क आणि ग्रुप हे मथळे याच वाटेने आत शिरतात. आयात करण्याआधी मथळे बदलून घ्या.

हायबरनेट या जावाच्या ओआरएममध्ये युजर किंवा ऑर्डर या नावाचा क्लास बनवला की टेबलही त्याच नावाचं होतं. ग्लोबली_कोटेड_आयडेंटिफायर्स हे सेटिंग आहे, पण ते सगळ्या नावांना लागतं आणि कॅपिटल-स्मॉलचा वर सांगितलेला घोळ सगळीकडे पसरतो. टेबल ॲनोटेशनमध्ये वेगळं नाव देणं चांगलं. स्प्रिंग बूट २.७ मध्ये एचटू डेटाबेस २.१ आला आणि युजर, व्हॅल्यू या नावांवरच्या चाचण्या पडायला लागल्या, कारण एचटूच्या २ मालिकेत राखीव शब्द वाढले. जोडणीच्या पत्त्यात नॉन_कीवर्ड्स=युजर लिहून चाचण्या चालू करता येतात, पण खऱ्या डेटाबेसवर त्याचा उपयोग शून्य.

कॉलमचं नाव कोडमधून येत असेल, उदाहरणार्थ वापरणाऱ्याने निवडलेल्या कॉलमवर क्रम लावणं, तर प्रश्नचिन्हाची जागा नावाला चालत नाही, ती फक्त मूल्यांसाठी असते. परवानगी असलेल्या नावांची यादी कोडमध्ये ठेवा आणि तिच्याबाहेरचं नाव नाकारा. त्यावर पोस्टग्रेसमध्ये फॉरमॅटचा %I, एसक्यूएल सर्व्हरमध्ये कोटनेम वापरा. कोटनेमला १२८ अक्षरांपेक्षा लांब मजकूर दिला तर तो नल परत करतो आणि पूर्ण क्वेरीच नल होते, हे ध्यानात असू द्या.

नावं ठेवताना

याद्या पाठ करणं निरुपयोगी आहे, त्या दर आवृत्तीला वाढतात. त्यापेक्षा नाव दोन शब्दांचं ठेवा: कशाचं आणि काय. ग्रुप नव्हे, ब्लड_ग्रुप. डेट नव्हे, बिल_डेट. ऑर्डर नव्हे, सॉर्ट_ऑर्डर किंवा ऑर्डर_नंबर. हे दोन वेगळे अर्थ आहेत आणि एकटा ऑर्डर शब्द ते लपवतो. फ्रॉम आणि टूचं व्हॅलिड_फ्रॉम आणि व्हॅलिड_टू. युजरचं क्रिएटेड_बाय किंवा युजर_आयडी. ‘की’ असेल तर सेटिंग_की. डेस्क पूर्ण लिहा, डिस्क्रिप्शन. असं नाव राखीव शब्दांपासून वाचवतंच, शिवाय वाचणाऱ्याला कॉलमचा अर्थ विचारावा लागत नाही.

दोन शब्दांतही थोडे अपवाद आहेत आणि ते नेमके कामाच्या नावांत येतात. इयर_मंथ मायएसक्यूएलमध्ये राखीव आहे. मासिक बिलाच्या टेबलात हे नाव सहज सुचतं, त्याऐवजी बिल_मंथ घ्या. वीजमीटरच्या आधीच्या रीडिंगसाठी लास्ट_व्हॅल्यू सुचतं, तेही ८.० पासून राखीव, लास्ट_रीडिंग चालेल.

रोमन लिपीत मराठी नावं, म्हणजे तुकडी, रक्कम, गुणानुक्रम, हा मार्ग राखीव शब्दांच्या दृष्टीने निर्धोक आहे. अट एवढीच की स्पेलिंग एकदा ठरवून लिहून ठेवावं, नाहीतर एकच शब्द तीन टेबलांत तीन प्रकारे लिहिला जातो. कॉलमचं नाव थेट देवनागरीतही देता येतं, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्ही ते अवतरणाशिवाय घेतात. पण पोस्टग्रेसची मर्यादा ६३ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा आणि हलन्त धरून २१ चिन्हं. त्यापुढचं पोस्टग्रेस फक्त एक सूचना देऊन कापून टाकतो.

नवं नाव टेबलात जाण्याआधीच अडवायचं असेल तर एसक्यूएलफ्लफ हे तपासणीचं साधन कोडच्या भांडारात बसवा. त्याचा आरएफ०४ हा नियम कीवर्ड नाव म्हणून वापरला की सांगतो. डायलेक्ट (एसक्यूएलची बोली) मात्र आपल्या डेटाबेसचाच निवडा, आणि पुढच्या वर्षी आवृत्ती बदलायची असेल तर मायग्रेशनच्या (टेबलांतले बदल लिहिलेल्या) फाइली नव्या आवृत्तीच्या रिकाम्या सर्व्हरवर आजच चालवून बघा.